चिकात मुरलेली भीती

माझ्या बापाची मला भीती वाटली ती एका रविवारी सकाळी, लख्ख उन्हात, सगळ्या नातेवाइकांच्या देखत.

बाबा म्हणजे मोरेश्वर चुरी. आसनवाडीत कुणालाही विचारा. ज्यांनी मला उभ्या जन्मात एक चापट मारली नाही, ते बाबा. कीर्तनात बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे राहिले की डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं, आणि दोन्ही हातांत टाळ असल्यामुळे ते पुसता येत नाही, म्हणून वाहूच देतात. अशा माणसाची भीती! लिहितानाही हात थबकतो. पण झालं ते झालं, आणि ते नीट सांगायला हवं.

डहाणू तालुक्यात, समुद्राला लागून आमची चिकूची वाडी आहे. झाडं पणजोबांनी लावलेली. हिवाळ्यात मोठी तोडणी असते, आणि आमच्याकडे तोडणीचं आमंत्रण कुणाला नसतं. ज्याला यायचं तो येतो. पालघरहून, वसईहून, सुरतेहूनसुद्धा. बायका, पुरुष, पोरं सगळी बेडणी घेतात. बेडणी म्हणजे टोकाला जाळी लावलेला लांब बांबू. फळ जाळीत घ्यायचं आणि हलका झटका द्यायचा. देठातून पांढरा चीक गळतो, हातांना चिकटतो, वाळून काळा पडतो, आणि पुढे आठ दिवस कुणाच्याही हाताकडे बघून ओळखता येतं की हा चुऱ्यांच्या तोडणीला होता.

आणखी एक रीत. तोडणीच्या दिवशी आलेली माणसं मोजायची नाहीत. आई भाताला तांदूळ घ्यायची तेही मुठीमुठीने, अंदाजाने. मोजलं की पुढच्या तोडणीला त्यातलं एक माणूस कमी होतं, असं घरात चालत आलेलं. आई गेली त्याच्या आदल्या वर्षी एका पाहुण्याने मोजलं होतं, असं कुंदाआत्या अजून म्हणते.

आई होती तोवर संध्याकाळी दोघं मिळून डबे बडवत वटवाघळं हाकलायची. ती गेल्यावर बाबा एकटे पडले. चिकू पिकायच्या आत वटवाघळं अर्धं झाड चाटून पुसून नेत. म्हणून मागच्या पावसाळ्यानंतर त्यांनी यंत्र बसवून घेतलं. कंपनीने त्याचं नाव ठेवलं होतं 'राखणदार'. झाडांमध्ये कंबरेइतके उंच खांब, प्रत्येकावर एक कॅमेरा आणि खाली बोटभर तोंड. ना आवाज, ना उजेड. पण वटवाघळं जी गेली ती गेलीच. माकडंही कुंपणावरून परत फिरू लागली.

"देव पावला गं वैजू," बाबा फोनवर म्हणाले होते. "एक फळ उष्टं नाही."

त्या रविवारी मी माझ्या शर्वाणीला घेऊन विरारहून गेले. ती पाच वर्षांची. माझा नवरा बोटीवर असतो, त्यामुळे आम्ही दोघीच. वाडीत शिरताना मला एवढंच जाणवलं, की फार शांत आहे. एक पाखरू नाही.

सुरुवात नेहमीसारखीच झाली. नारळ फुटला. आत्याने बाबांची बेडणी बघून टोमणा मारला, "मोरू, बांबू बदल आता. तुझ्यापेक्षा जास्त वाकलाय तो."

"वाकला तरी फळ खाली पाडत नाही. तुझ्या सुनेला विचार, तिने आत्ताच चार पाडले."

"तिला नाचायला बोलावलं असतं तर पाडले नसते!"

सगळे हसले. शर्वाणी, म्हणजे आमची शरू, तिच्या आबांच्या, माझ्या बाबांच्या, पायांत पायांत करत होती. अर्धा तास असा गेला असेल. मग आत्याची सून एकदम खाली बसली. म्हणाली, "मला घरी जायचंय." काय झालं विचारलं तर सांगता येईना. मग सुरतेचे काका म्हणाले, गाडीची काच उघडी राहिली. वसईची वहिनी म्हणाली, गॅस बंद केला की नाही आठवत नाही. वसईचा गॅस, आणि तिला आठवला आसनवाडीत! एकेक माणूस बेडणी झाडाला टेकवून, कुणाच्या डोळ्यांत न बघता, वाडीबाहेर पडू लागलं.

मला हसू येत होतं. आणि हसता हसताच पोटात कुणी गार पाण्यात बुडवलेला हात घातला. झाडांच्या मधली सावली सरकली असं वाटलं. आपल्या मागे कुणीतरी उभं आहे, आणि वळून बघितलं तर ते हलेल.

मी वळले. बाबा येत होते. खांद्यावर बांबू, हात चिकाने काळे, तोंडावर हसू. शरूकडे येत होते. आणि देवाशप्पथ सांगते, मला स्पष्ट दिसलं की हा माणूस माझ्या पोरीला मारणार आहे. वाटलं नाही हो, दिसलं. ते हसू मला दात विचकल्यासारखं दिसलं. शरू किंचाळली. मी तिला उचललं आणि धावले. चप्पल तिथेच राहिली. बाबा मागून हाका मारत होते, "वैजू! अगं वैजू, काय चावलं काय?" आणि त्या प्रत्येक हाकेला माझे पाय आणखी जोरात पळत होते.

विरारला आल्यावर भीती उतरली. पण मन स्वस्थ बसतं का? अंगाला कारणाशिवाय भीती सोसत नाही. कारण नसलं तर मन ते हुडकून आणतं. मी हुडकू लागले. मी दहा वर्षांची असताना बाबांनी एकदा पाण्याचा तांब्या भिंतीवर आपटला होता. एकदा बैलाला मारताना त्यांचा चेहरा कसा झाला होता. आई आजारी असताना ते डॉक्टरांशी किती तुटक बोलले. बत्तीस वर्षांत विसरून गेलेल्या गोष्टी मी एकेक करून काढल्या, पुसल्या आणि ओळीने मांडल्या. दोन आठवड्यांत माझ्याकडे एका दुष्ट माणसाचं चरित्र तयार होतं. मी विज्ञान शिकवते शाळेत. पुरावा म्हणजे काय ते मुलांना सांगते. आणि इथे मी निकाल आधी लावून पुरावे मागून गोळा करत होते.

तिसऱ्या रविवारी दाराची बेल वाजली. शरू धावत दाराशी गेली आणि दार उघडायच्या आतच उलटी पळत माझ्या मांडीत शिरली. तिने चड्डी ओली केली होती.

"वैजू," बाहेरून आवाज आला. "मी आहे गं."

माझा हात कडीवर होता. कडी काढायला दोन बोटं लागतात. ती दोन बोटं मला उचलता आली नाहीत.

"चिकू आणलेत. पिकत घातलेलेच आहेत, आज उद्या होतील." मग थोडं थांबून, "शरू शाळेत गेली का? नाही, रविवार आहे नाही का आज." मग एकदम बारीक आवाजात, "माझं काही चुकलं का बाळा? चुकलं असेल तर सांग. तुझी आई असती तर तिनं सांगितलं असतं. मला एकट्याला कळत नाही."

मी दाराच्या या बाजूला रडत होते आणि त्याच वेळी मनात म्हणत होते, जा, जा, देवा याला ने इथून. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. पायऱ्या उतरण्याचा आला. ते गेल्यावरही तासभर मी दार उघडलं नाही.

उघडलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांचा कुत्रा जिन्याने वर येत होता. वाघासारखा कुत्रा, कुरिअरवाल्यांचा काळ. पिशवीपासून चार पावलांवर तो थबकला, शेपूट पायांत घातली आणि जमिनीला पोट घासत मागे गेला.

माझ्यातली मास्तरीण तेव्हा कुठे जागी झाली. त्या कुत्र्याला माझ्या बापाने कधी तांब्या आपटून दाखवला नव्हता.

त्याच संध्याकाळी आत्याचा फोन. "वैजू, तुला सांगू की नको असं झालंय. माघी गणपतीचं कीर्तन होतं काल. मोरू टाळ घेऊन उभा राहिला नेहमीसारखा. आख्यान चालू आहे, आणि माझ्या बाजूच्या बाया सरकायला लागल्या. पुढची रांग मागे, मागची देवळाबाहेर. पेटीवाला चुकला. आणि अगं, वामनबुवा गोष्ट विसरले! ध्रुवबाळ अरण्यात बसलाय तिथपर्यंत आले आणि पुढे शब्द नाही. घामाघूम. मोरूकडे बघतायत आणि मागे सरकतायत."

"मग?"

"मग काय. मोरूने टाळ खाली ठेवले, बुवांना लांबूनच नमस्कार केला आणि निघून गेला. सगळं देऊळ एका माणसासाठी रिकामं झालं गं. मीपण सरकले. सख्खी बहीण मी."

दुसऱ्या दिवशी ती चिकूची पिशवी तीन प्लास्टिकमध्ये बांधून मी फरीदाकडे नेली. फरीदा इराणी माझी कॉलेजची मैत्रीण, घोलवडची. वासावर संशोधन करते, राखणदार यंत्र तिला माहीत होतं. तिने पिशवी यंत्राला लावली. मला काचेबाहेर बसवलं आणि दोन तासांनी बाहेर येऊन म्हणाली, "तुझ्या बाबांना नाकात घालायला काही दिलंय का कुणी?"

तिने सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. घाबरलेल्या प्राण्याच्या अंगातून एक वास सुटतो. इतका अल्प की नाकाला 'वास' म्हणून कळतही नाही. पण नाकाची एक वाट मेंदूतल्या भीतीच्या गाठीपर्यंत सरळ जाते, विचाराला न विचारता. कळपात एक हरीण दचकलं की बाकीची न बघता पळतात ती या वाटेने. राखणदार हाच वास बनवतो. आणि तो शिकतो. कोण आलं, कुणी फळ तोडलं हे कॅमेरा बघतो. एक मिश्रण सोडतो. चोर पळाला नाही तर दुसरं. पळाला तर ते लक्षात ठेवतो. वटवाघळांचं मिश्रण त्याला आठवड्यात सापडलं. माकडांचं महिन्यात.

"आणि माणसांचं?" मी विचारलं.

"त्याला माणूस कळत नाही. त्याला फळ तोडणारा हात कळतो. तुम्ही सगळे मिळून तोडत होता, म्हणजे त्याच्या लेखी मोठी चोरी. अर्ध्या तासात सापडलं त्याला तुमचं मिश्रण."

"मग बाबा कसे..."

"म्हणून विचारलं. घरच्या माणसांसाठी कंपनी थेंब देते. सकाळी दोन थेंब नाकात, की दिवसभर ती वाट बंद. तोडणीला किती माणसं असतात ते विचारून तेवढ्या बाटल्या देतात."

मी तिथूनच बाबांना फोन लावला. त्यांचा आवाज आला तेव्हा ठेवून द्यावासा वाटला, तरी ठेवला नाही.

"हो, विचारलं होतं की," बाबा म्हणाले. "तोडणीला माणसं किती म्हणून. मी म्हटलं, आमच्यात मोजत नाहीत. तो पोरगा म्हणाला, काका, आकडा टाकल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. मग मी एक टाकला. स्वतःला मोजलेलं चालतं ना?"

आपल्या माणसांतलं एकही कमी होऊ नये म्हणून त्यांनी मोजलं नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "तो वास तेलकट आहे. चिकात मुरतो. तुमच्या हातांत, कपड्यांत, केसांत बसलाय. तुम्ही जाल तिथे तो जातो. तुम्हाला थेंबांमुळे कळत नाही."

मग ते म्हणाले, "म्हणजे देवळात मीच घेऊन गेलो होतो ती भीती. बुवांच्या अंगावर." मग, "आणि शरूच्या."

राखणदार त्याच दिवशी बंद झाला. बाबांनी कपडे जाळले, डोकं भादरलं, हात रॉकेलने पुसून काढले. कंपनीची माणसं येऊन खांब उपटून घेऊन गेली आणि असं यापूर्वी कुठे झालं नाही म्हणाली. पण झाडांच्या सालीत, पानांत, देठांत चीक होताच, आणि चिकात तो. दोन पावसाळे तरी लागतील, फरीदा म्हणाली.

"आणि पोरीचं काय? आता बाबांच्या अंगाला वास नाही. परवा आत्याने व्हिडिओवर त्यांचा नुसता चेहरा दाखवला. व्हिडिओला कुठे वास असतो? तरी ती पलंगाखाली गेली."

"वास गेला, धडा राहिला," फरीदा म्हणाली. "तिच्या मेंदूने एकदा गाठ मारली, आबा म्हणजे भीती. ती गाठ सुटत नाही वैजू, खोटं कशाला सांगू. फक्त तिच्या शेजारी दुसरी बांधता येते. भीती यायला हवी आणि काही वाईट घडता कामा नये. परत यायला हवी, परत काही घडता कामा नये. शंभर वेळा. तुझंही तेच."

"आणि मध्येच उचलून पळाले तर?"

"तर तिचा मेंदू म्हणेल, बरं झालं पळालो, वाचलो. गाठ आणखी घट्ट."

म्हणजे पोर किंचाळत असताना तिला धरून उभं राहायचं. कुठल्या आईला जमतं हे? आणि ती आई स्वतःच थरथरत असताना?

बाबांनी सोपा मार्ग सुचवला. फोनवरच. "मी नाही येत आता तुमच्याकडे. तूही येऊ नकोस. पोर हसतंखेळतं आहे ना? मग झालं. वाडी बघतो मी, जमेल तोवर." इतकं साधेपणाने बोलले, जणू उद्याची भाजी ठरवत होते. मी एक दिवस ते मान्य केलं. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. आणि त्या सुटकेचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

शनिवारी शरूला शेजारी ठेवून मी एकटी आसनवाडीला गेले. मुद्दाम थेंब घेतले नाहीत. थेंब घेऊन बापाला भेटायचं, तर मेंदू शिकणार काय?

वाडीच्या फाटकाशीच गार हात पोटात शिरला. झाडांखाली न तोडलेल्या चिकूंचा खच पडला होता, आंबूस वास, आणि त्यावर एक माशी नाही. माशीसुद्धा नाही! मी एक पाऊल टाकायचे आणि थांबायचे. मनात देवाचं नाव घेत होते. नाव घेतल्याने भीती गेली म्हणाल, तर नाही गेली. पाऊल तेवढं पडत होतं.

बाबा विहिरीजवळच्या झाडाखाली उकिडवे बसले होते. डोकं भादरलेलं, एकदम लहान दिसणारं. मला बघताच ते दचकून उठले आणि झाडाच्या खोडामागे गेले.

"कोण? कोण आहे?"

"मी, बाबा. वैजू."

"तिथेच थांब." त्यांनी बेडणीचा बांबू दोन्ही हातांत आडवा धरला होता. बांबू थडथडत होता. "पुढे येऊ नकोस. हातात काय आहे तुझ्या?"

"काही नाही. पर्स आहे."

"खाली ठेव ती!"

मी ठेवली. आणि मला कळलं. "बाबा, तुम्ही थेंब बंद केलेत."

"तीन दिवस झाले," ते म्हणाले. दात वाजत होते. "रोज येऊन बसतो इथे. माझ्या वाडीत माझ्या माणसांवर काय आलं ते मला चाखल्याशिवाय कसं कळणार? वैजू, हे... हे असं झालं होतं तुला? माझ्याकडे बघून?"

"हो."

"शरूला पण? असंच?"

"हो बाबा."

त्यांचा बांबू गळून पडला. ते रडत होते आणि रडतानाही माझ्यावरची नजर काढत नव्हते, जशी विंचवावरून काढत नाही माणूस. "तू माझी पोर आहेस हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "तरी वाटतंय, तू माझा गळा धरशील. तुझ्या आईच्या आजारपणात तू एकदा माझ्यावर ओरडली होतीस, ते सारखं आठवतंय."

त्यांचं मनही हुडकत होतं.

आम्ही दहा हातांच्या अंतरावर खाली बसलो. कुणी कुणाजवळ गेलं नाही. तासभर बसलो. मी सांगितलं, हे फळ बघा केवढं. ते म्हणाले, हो, आतून लाल असेल. मध्येच त्यांनी हात खाजवायला उचलला आणि मी किंचाळले. मी शिंकले तर ते उठून उभे राहिले. पण दोघंही पळालो नाही. निघताना अंतर नऊ हात झालं असेल.

असे सात शनिवार गेले. आठव्याला मी शरूला घेऊन गेले.

वाडीत नाही नेलं. समुद्राच्या बाजूला सुरूची झाडं आहेत, तिथे. वारा पाण्यावरून जमिनीकडे होता, वाडीचा श्वासही तिथपर्यंत येत नव्हता. बाबा ठरल्याप्रमाणे लांब, वाळूच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून बसले होते. नुसता पाठीचा सदरा दिसला आणि शरू माझ्या मानेत नखं रुतवून किंचाळायला लागली. "घरी! आई, घरी! आबा नको! आबा नको!"

ते त्यांना ऐकू जात होतं. पाठ हलली नाही.

माझे पाय वळले होते, खोटं नाही सांगत. टाच वाळूत फिरलीच होती. या जीवाला मी जन्म दिला तो अशा थरकापात धरून ठेवण्यासाठी का? आणि समजा फरीदा चुकत असेल? समजा मी ही गाठ माझ्याच हाताने आवळत असेन? पुस्तकात लिहिलेलं सगळं मला येत होतं आणि त्यातलं एक अक्षर त्या क्षणी उपयोगाचं नव्हतं.

मी उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. शरूचा आवाज बसला. मग हुंदके. मग नुसतं थरथरणं. माझा खांदा तिच्या लाळेने, नाकाने भिजला होता. एका डोळ्याने, माझ्या केसांआडून, ती तिकडे बघत होती.

"आई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आबा असे का हलतायत?"

मी बघितलं. त्यांची पाठ खरंच थरथरत होती.

"घाबरलेत ते."

"कुणाला?"

खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. "आपल्याला."

शरूचं काळीज माझ्या छातीवर चिमणीसारखं उडत होतं. ते थांबलं नव्हतं, आणि पुढेही लवकर थांबणार नव्हतं. पण तिने मानेवरची नखं सैल केली आणि माझ्या तोंडावर आपला ओला तळहात ठेवला.

"मग तू हळू बोल ना," ती कुजबुजली. "ते घाबरतील."